धोकादायक विषाणूंवर काम करायचंय? मग या वाटेने या

इबोला, मारबर्ग, निपाह, लासा ही नावं ऐकून या क्षेत्राकडे वळलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न सूटबद्दल असतो. तो फुगलेला, पाठीला हवेची नळी लावलेला सूट घालायला कधी मिळणार? खरं सांगायचं तर कित्येक चांगल्या विषाणूशास्त्रज्ञांना तो आयुष्यात एकदाही घालावा लागत नाही. ज्यांना लागतो त्यांचंही बरंचसं काम सूटबाहेरच होतं. आत जाण्याआधी काही वर्षं जे शिकावं लागतं ते दिसायला अगदीच साधं असतं: थेंबही न सांडता द्रव मोजणं, नळीवर न पुसणारं लेबल लावणं, जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवणं. या कामात यश आणि जीव दोन्ही या साध्या गोष्टींवर अवलंबून असतात. ज्यांना त्यांचा कंटाळा येतो त्यांना मी तोंडावर सांगते की दुसरी वाट धरा, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांसाठी हा लेख.

१. आधी ठरवा, यातलं कोणतं काम तुमचं

विषाणूशास्त्र या एका पाटीखाली बरीच वेगवेगळी माणसं राबतात. मलेशियात १९९८-९९ साली काय घडलं ते पाहिलं तर हे चटकन कळेल. डुकरं पाळणाऱ्या लोकांना मेंदूज्वर होऊ लागला. सुरुवातीला तो जपानी मेंदूज्वर समजला गेला, डासांवर फवारणी झाली, लसी टोचल्या, तरी रुग्ण येतच राहिले. जपानी मेंदूज्वर बहुधा लहान मुलांना होतो. इथे आजारी पडत होते ते डुकरांमध्ये वावरणारे मोठे पुरुष. आणि डुकरंही जोरजोरात खोकत होती. ही निरीक्षणं डॉक्टरांची आणि पशुवैद्यांची. मग मलाया विद्यापीठात काव बिंग चुआ यांनी रुग्णाच्या मेंदू-मणक्यातल्या द्रवातून विषाणू पेशींवर वाढवून दाखवला. तो कोणत्या कुळातला हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली उलगडलं. फळं खाणारी वटवाघळं हे त्याचं मूळ घर, हे शोधलं जाळी लावून वटवाघळं पकडणाऱ्यांनी. तोवर शंभराहून अधिक माणसं दगावली होती आणि दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली होती. विषाणूला नाव मिळालं ते सुंगाई निपाह या गावावरून.

या एका साथीत डॉक्टर, पशुवैद्य, पेशी वाढवणारा, मायक्रोस्कोपवर बसणारा, वटवाघळांमागे रात्र जागवणारा असे सगळे आहेत. आज त्यांच्यात दोघांची भर पडली आहे: विषाणूची जनुकीय क्रमवारी, म्हणजे त्याच्या जनुकांतल्या अक्षरांचा क्रम, वाचून तिचं विश्लेषण करणारा आणि प्रयोगशाळेची जैवसुरक्षा सांभाळणारा. यातलं कोणतं काम तुम्हाला रोज सकाळी उठून करावंसं वाटेल, हा प्रश्न स्वतःला आधी विचारा. विषाणूचं नाव नंतर ठरवता येतं.

पदव्यांची माळ असल्याशिवाय इथे प्रवेश नाही, असंही समजू नका. पहिल्या मानवी कोरोना विषाणूंची चित्रं १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर टिपणाऱ्या जून अल्मेडा यांची शाळा सोळाव्या वर्षीच सुटली होती. त्या ग्लासगोच्या रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून लागल्या आणि हाताच्या कसबावर पुढे गेल्या. आजच्या काळात तितकं पुढे जायला पदवी लागेलच, पण तंत्रज्ञ म्हणून सुरुवात करणं ही वाट अजूनही खुली आहे. चांगल्या तंत्रज्ञाला लॅबमध्ये जो मान असतो तो बाहेरून दिसत नाही.

२. शिक्षण

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन किंवा जैवतंत्रज्ञान यातली पदवी, मग पदव्युत्तर, मग पीएचडी हा सरधोपट मार्ग. वैद्यकीय किंवा पशुवैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांना वेगळं वजन असतं. प्राण्यांकडून माणसात येणाऱ्या विषाणूंच्या कामात पशुवैद्यांची कायमच चणचण असते, त्यामुळे तुमच्याकडे ती पदवी असेल तर ‘आपण शुद्ध विज्ञानातले नाही’ असा न्यूनगंड बाळगू नका.

विषयांपैकी पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र पक्कं असू द्या. आणि संख्याशास्त्र. मुलं ते टाळतात, मग पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, हातात आकडे आल्यावर, त्याच्यासाठी धावाधाव करतात. सहा प्राण्यांवरच्या प्रयोगातून काय म्हणता येतं आणि काय नाही, हे आधीच कळलं तर त्या सहा प्राण्यांचे जीव वाया जात नाहीत.

३. हात तयार करा

मला विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त हेळसांड हिचीच होते.

विषाणू स्वतःहून वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. म्हणून आधी पेशी सांभाळायला शिकायचं. ठरलेल्या दिवशी त्यांचं माध्यम, म्हणजे पोषक द्रव, बदलायचं, दाटी झाली की विलग करून नव्या भांड्यात पसरायच्या, रोज मायक्रोस्कोपखाली बघायच्या. निरोगी पेशी कशा दिसतात हे डोळ्यांत पुरतं बसल्याशिवाय आजारी पेशी ओळखू येत नाहीत. सुट्टीच्या दिवशीही यावं लागतं. पेशींना कॅलेंडर कळत नाही.

मग प्लाक चाचणी. विषाणू नेमका किती आहे हे मोजायची ही पद्धत रेनाटो डुल्बेको यांनी १९५२ साली प्राण्यांच्या विषाणूंसाठी बसवली आणि आजही तिच्यावाचून पान हलत नाही. सहा कप्प्यांची प्लास्टिकची प्लेट घेतात. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी पेशींचा सलग थर वाढवलेला असतो. बहुतेक वेळा त्या व्हेरो पेशी असतात. १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या तयार झाल्या आणि तेव्हापासून जगभर वाढवल्या जातात. विषाणूचं द्रावण दहापट, शंभरपट, हजारपट असं विरळ करत न्यायचं आणि एकेका कप्प्यात थोडं थोडं सोडायचं. वरून जेलसारखा दाट थर द्यायचा, म्हणजे विषाणूला लांब पसरता येत नाही, तो शेजारच्याच पेशीत शिरतो. काही दिवसांनी जांभळा रंग घातला की जिवंत पेशींचा थर रंगतो आणि जिथे पेशी मेल्या तिथे स्वच्छ गोल छिद्रं उरतात, तेच प्लाक. एक छिद्र म्हणजे सुरुवातीचा एक संसर्गक्षम कण, असा हिशेब.

समजा एक लाख पट विरळ केलेलं ०.२ मिलिलिटर द्रावण घातलं आणि ४० छिद्रं मोजली. ४० भागिले ०.२ म्हणजे २००, गुणिले एक लाख, म्हणजे मूळ द्रावणात दर मिलिलिटरला दोन कोटी संसर्गक्षम कण. गणित शाळकरी आहे. कस लागतो तो आधीच्या कामात. दोन विरलतांच्या मध्ये पिपेटचं टोक बदलायचं राहिलं, जेल जरा जास्त गरम ओतलं, इन्क्युबेटरचा कप्पा किंचित कललेला होता, पेशी आठवडाभर जास्त जुन्या होत्या, की आकडा बिघडलाच. वर तो बिघडलाय हे सांगणारं कुणी नसतं! म्हणून एकच नमुना तीनदा मोजतात. तुमचे तीन आकडे एकमेकांच्या जवळ यायला लागले की समजा, हात बसला. नवा विद्यार्थी किती तयार झालाय हे मी त्या तीन कप्प्यांवरून ओळखते, त्याच्या बोलण्यावरून नाही.

याच काळात दोन सवयी लावून घ्या. पहिली, प्रयोगाची वही त्याच दिवशी, शाईने लिहायची. तारीख, पेशींची पिढी, रसायनाचा बॅच क्रमांक, फसलेलं काय ते सगळं. खोडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. दुसरी, काम सुरू करण्याआधी पूर्ण प्रयोग रिकाम्या नळ्यांवर एकदा करून पाहायचा. कोणती वस्तू कुठे ठेवायची, कचऱ्याचं भांडं कोणत्या हाताला, सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) समोरासमोर वजन कसं जुळवायचं. पुढे सूटमध्ये, तीन थरांच्या हातमोज्यांत, हीच सवय उपयोगी पडते.

४. लॅब मिळवणं

प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या यांची माहिती सगळीकडे मिळते. मी फक्त पत्राबद्दल बोलते, कारण तिथेच चांगली चांगली मुलं मार खातात. ‘मला लहानपणापासून विषाणूंचं वेड आहे’ असं लिहिलेली पत्रं ढिगाने येतात. त्याऐवजी त्या लॅबचा अलीकडचा एक शोधनिबंध मुळापासून वाचा आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा पडलेला प्रश्न दोन ओळींत विचारा. तुम्हाला कोणती तंत्रं हाताने येतात ते लिहा. नुसती पाहिलेली असतील तर ‘पाहिली आहेत’ असंच लिहा. पत्र एका पानाच्या आत आटपा.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही प्रश्न विचारायचे. माझ्या मते तीन विचारावेतच. लॅबमधून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? नव्या माणसाला संसर्गजन्य नमुन्याला हात लावू देण्याआधी तुम्ही काय काय तपासता? आणि शेवटची छोटी दुर्घटना कोणती झाली, तिची नोंद कशी झाली? तिसऱ्या प्रश्नावर ‘आमच्याकडे असं कधी काही होत नाही’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. नळ्या सगळीकडे सांडतात. जिथे त्या सांडल्याचं सांगितलं जातं तिथे काम करावं.

५. विषाणू निवडताना सौम्य भावंडापासून सुरुवात

कोणता विषाणू कुठे हाताळायचा हे जैवसुरक्षा पातळ्यांवरून ठरतं. त्या चार आहेत आणि बीएसएल-१ ते बीएसएल-४ अशा ओळखल्या जातात; आकडा जितका मोठा तितका बंदोबस्त कडक. डेंग्यूवरचं नेहमीचं काम दुसऱ्या पातळीवर चालतं, सार्सचे जिवंत विषाणू वाढवायला तिसरी लागते, आणि इबोला, मारबर्ग, लासा, निपाह, क्रिमियन-काँगो ज्वर हे चौथीतले. देशागणिक याद्यांत थोडाफार फरक असतो. चौथ्या पातळीच्या प्रयोगशाळा जगात मोजक्याच आहेत: अटलांटा, गॅल्व्हेस्टन, विनिपेग, लिऑन, हॅम्बुर्ग, मारबर्ग, जिलाँग, जोहान्सबर्ग, पुणे, वुहान अशा काही ठिकाणी. तिथला एकेक तास महाग असतो आणि त्यासाठी रांग असते.

म्हणून शहाणी माणसं प्रश्नाचा जितका भाग बाहेर सोडवता येईल तितका बाहेर सोडवतात. विषाणूचं फक्त बाह्य प्रथिन एका निरुपद्रवी, पुढे वाढू न शकणाऱ्या विषाणूवर बसवलं तर ‘हा पेशीत कसा शिरतो’ आणि ‘कोणतं प्रतिपिंड (अँटिबॉडी) त्याला अडवतं’ हे दोन्ही प्रश्न दुसऱ्या पातळीवर अभ्यासता येतात. याला स्यूडोव्हायरस म्हणतात. काही घातक विषाणूंची सौम्य भावंडंही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांत सापडलेला सीडर विषाणू निपाहच्याच कुळातला, पण ज्या प्राण्यांवर तो तपासला गेला त्यांना त्याने आजारी पाडलं नाही. लासाच्या जवळचा मोपेया विषाणूही असाच अभ्यासाला बरा. शिवाय रसायनांनी निष्क्रिय केलेले नमुने, बरे झालेल्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं, शुद्ध केलेली प्रथिनं यांवर आयुष्यभर पुरेल इतकं काम आहे.

पीएचडीचा विषय म्हणूनच असा घ्या की ज्याचा तीन चतुर्थांश भाग दुसऱ्या पातळीवर पुरा होईल. उरलेल्यासाठी चौथ्या पातळीच्या लॅबशी सहकार्य करता येतं. सगळा प्रबंध बीएसएल-४ वर टांगून ठेवला आणि ती लॅब दुरुस्तीसाठी काही महिने बंद राहिली (त्या दरवर्षी काही काळ बंद ठेवाव्याच लागतात) तर वर्ष हातचं जातं.

६. चौथ्या पातळीत पाऊल टाकताना

इथवर आलेल्यांसाठी आता सूट.

तत्त्व समजून घ्या. खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तर हवा आत ओढली जाते, बाहेर पडत नाही. सूटमधला दाब मात्र खोलीपेक्षा जास्त असतो, म्हणजे सूटला बारीक चीर गेलीच तर हवा आतून बाहेर फुंकली जाते. खोलीतून निघणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवतात. सांडपाणी उष्णतेने किंवा रसायनाने निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर जात नाही. घन वस्तू ऑटोक्लेव्हमधूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होऊनच, बाहेर येतात.

आता प्रत्यक्ष जाणं. अंगावरचे सगळे कपडे, घड्याळ, दागिने बाहेर. आत घालायचे साधे कपडे, मोजे, पहिले हातमोजे, ते बाहीला चिकटपट्टीने बंद. सूट घालण्याआधी हवा भरून, कुठे फुस्स आवाज येतोय का ते पाहायचं. शिवण, चेन आणि सूटला जोडलेले जाड हातमोजे विशेष तपासायचे. मग चेन लावायची आणि छतावरून लोंबणारी पिळदार नळी कमरेजवळ जोडायची. हवा इतक्या आवाजाने येते की कित्येक ठिकाणी कानात बोळे घालतात. शेजारी उभा असलेला सहकारी ओरडला तरी नीट ऐकू येत नाही, म्हणून रेडिओवर किंवा हातवाऱ्यांनी बोलायचं. दुसऱ्या टेबलाकडे जायचं तर नळी काढायची, सूटमध्ये उरलेल्या हवेवर काही पावलं चालायचं, पुढची नळी जोडायची. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. तीन-चार तासांत माणूस थकतो आणि थकलेला माणूस चुका करतो, म्हणून त्याआधीच बाहेर यायचं. बाहेर येताना सूटसकट रसायनाच्या फवाऱ्याखाली काही मिनिटं, मग सूट उतरवून साध्या पाण्याची अंघोळ. आत लिहिलेला कागद बाहेर येत नाही. नोंदी संगणकावरून किंवा स्कॅन करून पाठवायच्या.

प्रशिक्षण कित्येक महिने चालतं. आधी विषाणूविना, मग अनुभवी माणसाच्या बरोबरीने, मग त्याच्या नजरेखाली, आणि एकट्याने काम करायचं ते प्रशिक्षकाने लेखी मान्यता दिल्यावरच. पार्श्वभूमीची सुरक्षा तपासणी आणि वैद्यकीय तपासणीही होते. बंदिस्त जागेची भीती असेल तर लपवू नका. पहिल्याच सरावात ज्याला ती जाणवली आणि ज्याने शांतपणे ‘मला बाहेर पडायचंय’ म्हटलं, त्याच्याबद्दल मला आदरच वाटतो.

लोकांना सूट फाटण्याची भीती वाटते. जाणकारांना सुईची वाटते. ब्रिटनमधल्या पोर्टन डाउन इथल्या प्रयोगशाळेत १९७६ साली, इबोला नुकताच ओळखला जात असताना, एका संशोधकाच्या अंगठ्याला सुई लागली. ते गंभीर आजारी पडले, पण वाचले. रशियातल्या व्हेक्टर संस्थेत २००४ साली सुई टोचून एका संशोधिकेचा मृत्यू झाला. हॅम्बुर्गला २००९ साली अशीच सुई लागली; त्या संशोधिकेला दोन दिवसांच्या आत प्रायोगिक लस दिली गेली आणि तिला इबोला झाला नाही. त्याच धाटणीच्या लसीला २०१९ साली युरोप आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. तेव्हा नियम असा: सुईवाचून काम होत असेल तर सुई नाही, काचेऐवजी प्लास्टिक, टोकदार कात्रीऐवजी बोथट टोकाची. आणि वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, कधीच नाही. हातमोज्याला नुसता ओरखडा गेल्याची शंका आली तरी त्याच क्षणी थांबायचं, सांगायचं, बाहेर यायचं. ‘दोन नळ्याच राहिल्यात, एवढं संपवतो’ हे वाक्य या कामातलं सगळ्यात घातक वाक्य आहे.

चौथ्या पातळीत काम करणाऱ्याला साधा ताप आला तरी तो कळवावा लागतो. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आपण काय हाताळतो ते सांगणारं कार्ड बऱ्याच संस्था खिशात ठेवायला लावतात. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, ऐन तापात नव्हे.

७. रानात आणि साथीत

मारबर्ग विषाणू कळला १९६७ साली. युगांडातून आणलेल्या माकडांच्या ऊतींवर काम करणारे लोक मारबर्ग, फ्रँकफर्ट आणि बेलग्रेड इथे आजारी पडले. ३१ जणांना लागण झाली, ७ दगावले. हा विषाणू निसर्गात राहतो कुठे, याचा भक्कम पुरावा, म्हणजे गुहेत राहणाऱ्या फळभक्षी वटवाघळांतून वाढवलेला जिवंत विषाणू, प्रसिद्ध झाला तो २००९ साली, युगांडातल्या किटाका खाणीतल्या कामातून. मध्ये चाळीसहून अधिक वर्षं गेली. इबोलाचं नेमकं नैसर्गिक घर तर अजूनही पक्कं झालेलं नाही. रानातलं काम म्हणजे शेकडो प्राणी पकडायचे, रक्ताचे थेंब घ्यायचे, सोडून द्यायचे, आणि बहुतेकांत काहीच सापडत नाही. तरी शेवटच्या नमुन्याचं लेबल पहिल्याइतकंच नेटकं हवं.

वटवाघळांबरोबर काम करणार असाल तर रेबीजची लस आधी घेतलेली असणं सक्तीचं समजा. नमुने थंड ठेवायची सोय निघण्याआधी करून ठेवा. द्रव नायट्रोजन संपला की महिन्याची मेहनत एका रात्रीत जाते. विमानाने नमुने पाठवायचे तर तीन थरांचं वेष्टण लागतं: गळती न होणारी नळी, तिच्याभोवती शोषक कागद आणि दुसरं हवाबंद भांडं, मग मजबूत खोका. घातक संसर्गजन्य पदार्थांवर यूएन २८१४ आणि निदानाच्या नेहमीच्या नमुन्यांवर यूएन ३३७३ असे क्रमांक लागतात. हे प्रशिक्षण छोटं असतं, प्रमाणपत्र मिळतं, आणि नव्या माणसाच्या अर्जात ते उठून दिसतं. जरूर करा.

साथीत उतरलात तर विज्ञानापेक्षा माणसांशी जास्त गाठ पडते. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४-१६ च्या इबोला साथीत २८ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि ११ हजारांहून अधिक दगावले. गिनीतल्या वोमे गावात सप्टेंबर २०१४ मध्ये जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांना लोकांनी ठार मारलं, इतका अविश्वास होता. सिएरा लिओनमध्ये केनेमा रुग्णालयाचे डॉ. शेख उमर खान यांनी रुग्णांवर उपचार करता करता प्राण गमावले. इबोलाच्या जनुकीय क्रमवारीवरच्या ज्या शोधनिबंधाचे ते सहलेखक होते, तो प्रसिद्ध होईपर्यंत त्याचे पाच लेखक इबोलाने गेले होते. मृतदेहाला हात लावू नका असं नुसतं सांगून भागत नाही, अंत्यविधी सुरक्षितपणे कसा करता येईल हे कुटुंबाबरोबर बसून ठरवावं लागतं. मानववंशशास्त्रज्ञ पथकात का असतात हे तिथे गेल्यावर कळतं.

८. संगणक

ज्यांना अजून चांगली लॅब मिळालेली नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. विषाणूंच्या लाखो जनुकीय क्रमवारी जेनबँकसारख्या भांडारांत मोफत पडून आहेत. पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा शिका, एका विषाणूच्या क्रमवारी उतरवून घ्या, त्यांचा वंशवृक्ष तयार करा आणि आधी प्रसिद्ध झालेल्या वृक्षाशी ताडून पाहा. गिनीत २०१५ साली संशोधकांनी सामानातून नेलेल्या मुठीएवढ्या मिनआयन यंत्रावर इबोलाचे नमुने जागच्या जागी वाचले. कोविडची पहिली क्रमवारी ११ जानेवारी २०२० च्या सुमारास खुली झाली आणि ज्यांना ती वाचता येत होती ते विषाणू हातात न घेताच लस आणि चाचणीच्या कामाला लागले.

९. काय करायचं नाही, तेही शिका

पक्ष्यांमधला एच५एन१ फ्लू सस्तन प्राण्यांत हवेतून पसरू शकेल का, हे तपासणाऱ्या फेरेटवरच्या प्रयोगांवरून २०११-१२ मध्ये मोठा वाद झाला. रॉन फुशिए आणि योशिहिरो कावाओका यांच्या गटांचं ते काम. पद्धत जशीच्या तशी छापावी का, यावर महिनोन्‌महिने चर्चा झाली आणि संशोधकांनी स्वतःहून काही काळ असे प्रयोग थांबवले. अशा प्रश्नांवर मत बनवायला पीएचडी संपायची वाट पाहू नका. माझं मत विचाराल तर प्रयोग आखतानाच ‘यातून मिळणारं उत्तर दुसऱ्या, कमी धोक्याच्या वाटेने मिळेल का’ हा प्रश्न वहीत लिहून त्याचं उत्तर द्यायला हवं. संस्थेची जैवसुरक्षा समिती हा प्रश्न विचारतेच. तिच्यासमोर पहिल्यांदा विचार करत बसण्याची वेळ येऊ नये.

१०. पीएचडीनंतर

पीएचडीला साधारण चार ते सहा वर्षं, त्यानंतर एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या), बहुधा दुसऱ्या शहरात किंवा देशात. कायमची नोकरी लागेपर्यंत वयाची पस्तिशी सहज उलटते. या क्षेत्रातला पैसा साथींच्या मागे धावतो: साथ आली की निधीचा पूर, ती ओसरली की आटतो. म्हणून एकाच विषाणूचे तज्ज्ञ होण्याआधी एखाद्या तंत्राचे तज्ज्ञ व्हा. ज्याला प्रतिपिंडांच्या चाचण्या उत्तम येतात त्याला निपाहचा निधी आटला तरी फ्लूच्या लॅबमध्ये काम मिळतं.

विद्यापीठाबाहेरही जागा असतात. सार्वजनिक आरोग्य संस्थांच्या निदान प्रयोगशाळा, लस आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या कंपन्या, औषध नियामक संस्था, पशुरोग संस्था. आणि जैवसुरक्षा अधिकारी. या पदाकडे तरुण मुलं वळूनही बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं. नवी उच्च-सुरक्षा लॅब उभी राहिली की तिला सगळ्यात आधी हाच माणूस लागतो आणि चांगला मिळत नाही.

अशा जागांसाठी अर्ज करताना शोधनिबंधांच्या यादीच्या वर एक छोटा तक्ता द्या: कोणत्या पातळीच्या लॅबमध्ये किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, कोणती तंत्रं स्वतंत्रपणे, कोणती प्रशिक्षणं आणि त्यांची मुदत कधी संपते. निवड समितीतला जैवसुरक्षेचा माणूस आधी तोच तक्ता वाचतो, आणि त्यातले तास तुमच्या जुन्या लॅबला फोन करून ताडूनही पाहतो.